डाख

तांबट आळीत दुपारी दोनपर्यंत कुणी विचार करत नाही,
हातोडेच करतात.
मी माळ्यावर, कानांत कापसाचे बोळे घालून,
मूळ संख्यांशी भांडत बसायचे.
खाली वडील एका घागरीचे दोन अर्धे जुळवत,
वर मी जुळलेलं सोडवत.

"नेमकं काय करतेस गं?" त्यांनी एकदा विचारलं,
तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.
म्हटलं, गट असतो. अदलाबदलींचा.
त्याची रूपं तोडत जायची, तुटतील तोवर.
साध्या आकड्यांत सगळं सुटं होतं,
मांडणीवरच्या भांड्यांसारखं एकेक वेगळं पुसता येतं.
पण गटाच्या संख्येला भाग जाणारी एखादी मूळ संख्या धरली
आणि तिच्या बाकीतच मोजायचं ठरवलं,
की काही रूपं एकमेकांना सोडत नाहीत.
"डाख बसतो," ते म्हणाले.
एवढंच सांगायला खैरनार सरांना
तीन तास लागले होते.

"आणि सुटत नाही त्याला काय म्हणायचं?"
ब्लॉक.
"मराठीत?"
मी गप्प. मधू भात्याजवळून ओरडला, "आळी म्हण की!"

तर आळी.
दर आळीला एक राखणदार,
स्वतःशी गुणला तरी तोच,
शेजारच्या राखणदाराशी गुणला की शून्य,
सगळे मिळवले की एक,
म्हणजे नाशिक.

पंचवटीत वडांना नंबर लावलेत, एक ते पाच.
त्यांच्या जागा बदलायच्या एकशेवीस तऱ्हा, रूपं सात.
पाचाच्या बाकीत मोजलं
तर त्यांतली पाच रांगेत उभी राहतात:
एक, चार, सहा, चार, एक.
प्रत्येकाचा एक तुकडा शेजाऱ्याच्याही अंगात.
या रांगेला शास्त्रात झाड म्हणतात.
फांदी नाही, पारंबी नाही.
ते मी वडासमोर बसून वहीत काढलं
आणि मला वडाची जरा लाजच वाटली.
उरलेली दोन, पाच-पाच मितींची,
त्या रांगेत नाहीत, एकमेकींतही नाहीत.
एकेकीची एकेक आळी. दोष शून्य.
वडिलांना हे लगेच कळलं:
"एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली. बिनजोडाची.
तसली भांडी आता कोण करतंय."

मग बरीच वर्षं गेली. प्रबंध चौथ्या प्रकरणात थांबला,
मी शाळेत लागले, देवळालीला.
वडिलांचे कान तांब्यानं नेले.
डॉक्टरांनी कागदावर एक उतार दाखवला,
गंगापूर धरणाच्या भिंतीवरून पाय घसरावा तसा.
आता फोनवर मी बोलले की म्हणतात, "कुमुद?"
कुमुद बोलली की, "शालन का?"
कुमुद चिडते.
मला सरांचा फळा आठवतो:
प्रत्येक रूपाचे केंद्रातले आकडे घ्या,
बाकी काढा,
आणि ज्यांची बाकी सगळीकडे सारखीच पडते
ती एका ब्लॉकमधली, बाहेरून कितीही निराळी दिसोत.
सर खडू झटकत. माझ्या साडीवर पडे.

परवा सिन्नरहून एक घागर परत आली, गळते म्हणून.
त्यांनी पाणी भरून पाहिलं नाही.
एक टिचकी मारली,
कान नाही, तळहात लावला.
मग जोडावरून अंगठा फिरवत गेले,
अर्धा फेरा, पाऊण फेरा,
थांबले.
"इथे."
मला काहीच दिसत नव्हतं. तांबं होतं, त्यात माझं नाक.

चौथं प्रकरण याचंच होतं,
चिकटलेलं किती खोल चिकटलंय,
ते मोजायचं राहून गेलं.
"किती आत गेलाय?" मी मोठ्यानं विचारलं,
मग आणखी मोठ्यानं.

"कुमुद," ते म्हणाले, "तो चिमटा दे जरा."
मी दिला.